तारेचा देव

लालबाग, बऱ्हाणपूर
१८ ऑगस्ट १९९७

चि. सौ. अलकास, अनेक उ. आ.

टेलिफोनवाल्यांनी शनवारा दरवाजापासून सगळा रस्ता उकरून ठेवलाय. केसाएवढ्या काचेच्या तारेत उजेड सोडणार आणि त्या उजेडावर बसून आपलं बोलणं दसऱ्यापासून खकनारला पोचणार म्हणे! तूर्तास चिखल पोचतोय, तोही थेट माझ्या ओट्यावर. शाळेत साडी गुडघ्यापर्यंत उचलून जाते. मुलींना तेवढीच करमणूक.

सुधाकर त्या तारेची राखण करतो हे मी इथं कुणाला सांगत नाही. बी.ए. झालेला माझा भाऊ रोजंदारीवर रस्त्याकडेचे दगड बघत फिरतो! पर्मनंट झाला की सांगेन. आईला नमस्कार.

मी टोचून बोलते, म्हणून माया आटवू नकोस.

रजनीताई


खकनार
८ सप्टेंबर

ती. सौ. रजनीताईंस, सा. न. वि. वि.

तार तुटली. तुमचा तो उजेड पोचण्याआधीच विझला.

खाली तार आहे हे कळावं म्हणून टेलिफोन खात्याने आपल्या शेताजवळ पांढरा दगड पुरला होता. वर इंग्रजी अक्षरं. इथं कोण वाचतंय? सासूबाईंनी त्याला शेंदूर लावला, नारळ फोडला. पुढे गुरं त्याला अंग घासतात, देवाचे हाल होतात, म्हणून दोन बायका घेऊन त्यांनी तो उकरला आणि निंबाखाली बसवला. यांनी पाहिलं. आईला वाईट वाटेल, नवरात्र झालं की परत ठेवू, म्हणून गप्प बसले. बी.ए.ला एवढीच अक्कल देत असतील.

शेजारच्या देवरामने केळीच्या पाइपासाठी मशीन लावलं. बिचारा दगडापासून लांब खणायला गेला, म्हणजे नेमका तारेवर. साहेबांनी यांना विचारलंय, दगड हलला कसा? बावीस तारखेपर्यंत उत्तर दिलं नाही तर कामावरून काढणार. मग पर्मनंट कसले होतात! हे आईचं नाव घेत नाहीत. सासूबाई म्हणतात, मीच साहेबाला भेटते. ऑफिस तुमच्या शाळेसमोरच आहे. तुम्ही सोबत जा.

मोठेपणाने सांभाळून घ्यावं.

आपली, अलका


लालबाग
१२ सप्टेंबर

चि. सौ. अलकास, आशीर्वाद.

त्या ऑफिसात माझ्या विद्यार्थिनींचे वडील बसतात. तिथं मी शेंदूरवाली आई घेऊन उभी राहू? दगड चोरीला गेला असं सुधाकरला लिहून द्यायला सांग. मला यात ओढू नये.

रजनीताई


खकनार
१६ सप्टेंबर

ती. रजनीताईंस, सा. न. वि. वि.

चोर म्हणून कुणाचं नाव घालू, देवरामचं की तुमचं? सासूबाई बावीसला पहिल्या गाडीने येताहेत. स्टँडवर दिसलात तर बरं. नाहीतर त्या वाट विचारत येतील आणि भेटेल त्याला सांगतील की रजनीबाई मास्तरीण माझी लेक.

राग धरू नये.

अलका


लालबाग
२२ सप्टेंबर

चि. सौ. अलकास, अनेक आशीर्वाद.

गेले मी आईसोबत. आईने साहेबांना सरळ सांगितलं की दगड तिने हलवला, मुलाचा दोष नाही. साहेब हसले. सगळं ऑफिस हसलं. हिंदीत विचारलं, माताजी, कोणता देव हा? आई म्हणाली, बसवला तुम्ही, नाव तुम्हालाच ठाऊक. आम्ही फक्त आंघोळ घातली. मग कुणी हसलं नाही. साहेबांनी तिला खुर्ची दिली. म्हणाले, दगड जागेवर ठेवायचा, पूजा तिथंच करायची. सुधाकरची नोकरी राहिली. पर्मनंटसाठी त्याचं नावही पाठवणार आहेत.

मी दाराशी होते, पदर कपाळापर्यंत ओढून. साहेबांनी विचारलं, या कोण? मी म्हणाले, गावाकडची ओळख आहे.

जिना उतरताना आईचा हात धरायला गेले. तिने तो सोडवून घेतला. म्हणाली, राहू द्या बाई, ओळखीच्या माणसाला कशाला त्रास.

दुपारच्या गाडीत बसवलं. खिडकीतून तिने एकदाही पाहिलं नाही. नीट उतरवून घेतलं असशीलच.

माझ्यावर लोभ ठेव, असं या वेळी लिहीत नाही.

रजनी