चैतालीचं बिनइंजिनाचं विमान आणि मी हरलेली पैज

खडकी, पुणे

आदरणीय दाजी,

आपणांस आणि अक्काला गेनबाचा सप्रेम जयभीम. इकडे सगळे ठीक आहेत. माझी छाती धडधडते, पण डॉक्टर म्हणतात की छातीत दोष नाही, स्वभावात आहे. आपला गुडघा कसा आहे? उन्हाचे बांधावर फिरू नका. अक्काने पाठवलेलं तेल मी रोज लावतो (त्या वासाने घरातले जवळ येत नाहीत, तेवढीच शांतता).

पत्रास कारण आपली चैताली. प्रज्ञेशची ही थोरली कॉम्प्युटरच्या कंपनीत लागल्यापासून सुटीच्या दिवशी हडपसरच्या मैदानावर विमान उडवायला जाते, हे अक्काने सांगितलं असेलच. अक्कालाही न सांगितलेली गोष्ट अशी, की त्या विमानाला इंजिन नाही. ग्लायडर म्हणतात त्याला. पतंगासारखं दोरीने वर ओढतात आणि वर गेलं की दोरी सोडून देतात, तीही मुद्दाम. मी विचारलं, वर गेल्यावर इंजिन बंद पडलं तर? म्हणाली, आजोबा, नाहीच तर बंद काय पडणार. आजवर ती मैदानाभोवतीच घिरट्या घालून उतरायची. आता येत्या रविवारी एकटीने यवतपर्यंत जाऊन परत यायचं म्हणते. प्रज्ञेशने अंग काढून घेतलं, बाबा हो म्हणाले तर जा म्हणाला. (स्वतःची भीती त्याने माझ्या नावावर टाकली. लहानपणी अभ्यासाचंही असंच करायचा.)

मी म्हटलं, वर रस्ता विचारायला कोण भेटणार? तिने तळहाताएवढा कॉम्प्युटर पुढे ठेवला. त्यात ग्लायडरवाल्यांचं सॉफ्टवेअर घालायचं, मग तो आपण कुठे आहोत, वारा कुठला, आहे त्या उंचीवरून कुठवर पोचू, सगळं दाखवतो. आणि लावायला अगदी सोपं, असं तिचं म्हणणं. मी चौथी शिकलेला माणूस. म्हटलं, एवढं सोपं असेल तर मीच लावतो. जमलं तर तू जा, नाही जमलं तर घरी बस. दाजी, आपल्यापासून काय लपवायचं, न जमण्याची मला पूर्ण खात्री होती. टीव्हीचा रिमोट मला अजून जुमानत नाही.

पण त्या यंत्राला दयामायाच नाही. त्याने देश विचारला, मी भारत दाबला, नकाशा आला. विमान कोणतं विचारलं, तर तिच्या विमानाचं नाव समोरच लिहिलेलं. मी मुद्दाम भलतीकडे बोट लावलं, तिथेही मागे यायचा बाण तयार. चैताली समोर बसून शेंगा सोलत होती, एका शब्दाने मदत केली नाही. चहा निवायच्या आत पडद्यावर खडकी स्टेशन हजर. आमच्या सौ. विमलाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “मिक्सर लावायला यापेक्षा जास्त वेळ घेतला होता तुम्ही.”

तरी मी शेवटचा प्रयत्न केला. म्हटलं, आधी तपासून बघू. दुसऱ्या दिवशी स्वारगेटहून खडकीच्या बसमध्ये यंत्र मांडीवर घेऊन बसलो. त्याला वाटलं मी उडतोय. लगेच त्याने हडपसरचं मैदान लाल केलं. म्हणजे एवढ्या कमी उंचीवरून पोचणं अशक्य. कंडक्टरला सांगितलं, आपण फार खाली आहोत, हे म्हणतंय पोचणार नाही. तो म्हणाला, “काका, खाली आहोत म्हणूनच पोचू. तिकीट घेतलंय का?”

पुढे बस पुलावर चढली तसा उंचीचा आकडा वाढला आणि मी नकळत सरसावून बसलो. शेजारची बाई विचारू लागली, मागचे वाकून बघू लागले, शिवाजीनगरपर्यंत तर पुढच्या पुलाची सगळेच वाट बघत होते. खडकीला उतरलो तेव्हा मला मजा आली होती, आणि मजा आली हे लक्षात येताच पुन्हा छाती धडधडली. घरी येऊन चैतालीला म्हटलं, जा. तिने मला उचललंच (वजन बरंच कमी झालंय माझं, अक्काला सांगू नका).

बाकी क्षेम. लोभ आहेच, तो वाढवायला आता आपल्या दोघांचंही वय राहिलं नाही.

आपला,
गेनबा

ता. क. वारा पडला तर कुठे उतरता येईल, अशा जागाही त्या यंत्रात घालता येतात. तेही सोपंच निघालं. तिला न सांगता मी वाल्ह्याचं आपलं खालच्या अंगाचं शेत घातलं आहे. तरी रविवारी तिथे म्हैस बांधू नका, आणि शेणखताचे ढीग सोमवारनंतर टाका.

आणखी ता. क. चैतालीने ते पाहिलं. खूप हसली. म्हणाली, आजोबा, यवत पूर्वेला, अक्काआजीचं शेत दक्षिणेला, तिकडे मी फिरकणारसुद्धा नाही. पण पुसलं नाही तिने. तेव्हा शेत मोकळंच ठेवा. यंत्र लावणं जमलं, पण रविवार घरात बसून काढणं मला जमणार नाही. मी शनिवारीच येतो आहे. बांधावर एक खाट टाकून ठेवा, आभाळ नीट दिसेल अशी.