चालू की निकामी

२ मार्च

माझ्या हातचं —

पुस्तकं, पानांच्या घड्या दोऱ्याने जुजबंदी शिवून, पाठीला कापड लावून: तेराशे चाळीसच्या वर. पुढे मोजायचं सोडलं. वाचनालयाची दोन काचेची कपाटं. घरातलं शिडीचं स्टूल. हिच्या शिलाई मशीनचं पायडल. आईचा रेडिओ, तीनदा. आणि वाचनालयाच्या मागच्या खोलीतले अकरा संगणक.

हे आज लिहायचं कारण टायवाला. नवे संगणक विकणाऱ्या कंपनीचा माणूस, गळ्यात टाय, हातात चकचकीत पुस्तिका. मागच्या खोलीत फिरला, सात नंबरच्या डोक्यावर टिचकी मारली आणि म्हणाला, “काका, यातलं तुमचं नक्की काय आहे?”

माझ्या हातात खळीचा ब्रश होता.

काय आहे? सांगतो. कचेऱ्यांनी टाकून दिलेली ही यंत्रं. कोणाची रॅम मेलेली, कोणाचा पंखा जाम, कोणाच्या आत झुरळांचा संसार. दोन मोडून एक केलं, असं करत अकरा उभी केली. मूळची जड सिस्टीम त्यांना उचलवतच नव्हती. ती काढली, हलकं लिनक्स घातलं. पातळ पुस्तकाला जाड पुठ्ठा लावला तर पुस्तक उघडत नाही — तसंच ते. खाली एक पट्टी, पाच चित्रं, मागे साधा राखाडी रंग. शोभेचं काही नाही. क्लास लावला नाही, कोणाला गुरू केलं नाही. वाचलं, चुकलो, परत वाचलं.

बटण दाबल्यापासून कामाला तयार: एकेचाळीस सेकंद. घड्याळ लावून. सात नंबरला त्रेचाळीस लागतात, का ते अजून सापडलेलं नाही.

५ मार्च

ग्रंथपालबाईंनी तपासणीचा कागद दिला. महिनाअखेर समितीची बैठक आहे. ही खोली ठेवायची की नवी यंत्रं घ्यायची, ते या कागदावर ठरणार. यंत्र क्रमांक एक ते अकरा, प्रत्येकापुढे रकाना. ‘चालू’ किंवा ‘निकामी’ यांतला एक शब्द लिहायचा. तपासनीस — मी. दुसऱ्या कोणाला कळतंय!

दुपारी टायवाला परत आला. खळीच्या टेबलाशी उभा राहून हळू आवाजात बोलला. काय बोलला ते इथे लिहिणार नाही. माझी रोजनिशी आहे, गटार नाही.

तो जिना उतरायच्या आत कागद पुढे ओढला आणि अकरा वेळा लिहिलं: चालू. बारीक टोकाच्या पेनाने, सगळी अक्षरं एका रेषेत. बाईंच्या हातात दिला. बाई म्हणाल्या, “बाइंडर, अक्षर मात्र बघत राहावं असं.”

९ मार्च

आज मावशींचा अर्ज भरला.

वाचनालयात झाडलोट करणाऱ्या मावशी. तेवीस वर्षं हंगामी. मोठ्या इस्पितळात कायम परिचराच्या जागा निघाल्यात. वयाची अट त्रेचाळीस, मावशींना जूनमध्ये चव्वेचाळीसावं लागतं. म्हणजे हीच शेवटची. अर्ज फक्त संगणकावरून, उद्या मुदत संपते. त्या कोपऱ्यावरच्या दुकानात निघाल्या होत्या, पदराला कागदांची गुंडाळी बांधून. मीच अडवलं. म्हटलं, आपली अकरा यंत्रं असताना दुकानात कशाला? आपली खोली तर इस्पितळाच्या अर्ज-केंद्रांच्या यादीतच आहे.

“दादा, तिथला पोरगा रोज भरतो हो असले अर्ज.”

“आणि मी काय रोज बाइंडिंगच करतो का?”

त्या बसल्या. चार नंबरवर.

इस्पितळाच्या साइटने पहिल्याच पानावर अडवलं: तुमचा ब्राउझर जुना आहे, नवा घ्या. नवा कुठून घेणार? या जुन्या प्रोसेसरांसाठी नवा निघणंच बंद झालंय. पण माझ्याकडे उपाय होता. ब्राउझर प्रत्येक साइटला आपलं नाव आणि वय सांगतो. तो जे सांगतो ते बदलता येतं. एक ओळ लिहायची. लिहिली. साइटला वाटलं नवाकोरा आलाय. दार उघडलं!

नाव, जन्मतारीख, शिक्षण सातवी, फोटो, सही. शेवटी हिरवी खूण आली — ‘अर्ज जमा’. मावशींनी पडद्यावरच्या खुणेला बोट लावून पाहिलं. पुसून तर जात नाही ना, म्हणून.

१० मार्च

मुदत संपली. आपलं काम कालच झालं. बरं वाटतंय.

१६ मार्च

यादी लागली. मावशींचं नाव नाही.

तीनदा बघितली. आडनावाने, जन्मतारखेने, अर्ज क्रमांकाने. शेवटी ‘अपूर्ण अर्ज’ अशी वेगळी यादी दिसली. त्यात आहेत. पुढे लिहिलंय: छायाचित्र व सही — अप्राप्त.

संध्याकाळपर्यंत चार नंबरपुढे बसून, इस्पितळाच्या दुसऱ्या एका जागेचा मुदतीतला अर्ज उघडून, एकेक पायरी परत केली. सापडलं. सापडायला नको होतं.

मी ब्राउझरला खोटं बोलायला लावलं, तेव्हा साइटने त्याला नव्या ब्राउझरचं काम दिलं. त्याला ते कळलं नाही. फोटो चढवायचा भाग चाललाच नाही. चूक झाली असं सांगणारा भागही चालला नाही, कारण तोही नव्यातलाच. राहिली फक्त खूण. ती हिरवी खूण फोटो पोचल्याची नव्हती, बटण दाबल्याची होती.

साइट दारातच खरं सांगत होती. तुमचा ब्राउझर जुना आहे. मला ते ऐकवलं नाही.

१७ मार्च

मावशींना सांगितलं. सगळं. ब्राउझर, खोटं वय, खूण. त्या झाडू धरून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “असू द्या दादा. झाडूला वयाची अट नाही.” आणि हसल्या.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांनी आज माझ्या टेबलाखाली झाडलं नाही. विसरल्या असतील.

१९ मार्च

इस्पितळाची कचेरी. खिडकी क्रमांक तीन. आत जाड भिंगाचा कारकून, टेबलावर पाण्याची बाटली आणि फायलींचा ढीग. नीट शिवला असता तर निम्मा झाला असता.

मी दोन पानी पत्र नेलं होतं. काय झालं ते क्रमवार, तपशिलात, चूक माझी आहे असं स्पष्ट. त्याने दहा ओळी वाचल्या.

“हे कोणी लिहिलंय?”

“मी.”

“अक्षर छान आहे. पण मी याचं करू काय?”

त्याने समजावलं. वाईट माणूस नाही. अर्जदाराने अर्धवट भरला तर इलाज नाही. भरणाऱ्या माणसाने चूक केली तरी इलाज नाही, तो खिडकीच्या हिशेबी अर्जदारच. पण अर्ज-केंद्राची यंत्रं निकामी होती असा दाखला आला, शिक्क्यासह, चोवीस तारखेच्या आत, तर फेरविचार होतो. त्याने छापील कागद पुढे सरकवला.

यंत्र क्रमांक. पुढे रकाना. चालू किंवा निकामी.

मी म्हटलं, चार नंबरच्या यंत्रावर भरला होता, एकट्या चारपुढे लिहितो.

“मग साहेब विचारणार, बाकीची दहा चालू होती तर त्यांच्यावर का नाही भरला? सगळी लिहायची असली तर लिहा. नाही तर आणू नका.”

“पण ती चालतात हो! एकेचाळीस सेकंदांत सुरू होतात.”

“सुरू होतात,” तो म्हणाला. “अर्ज पोचतो का?”

माझ्या मागे रांग होती. मी बाजूला झालो.

२० मार्च

काही केलं नाही. खळ केली, तिच्यात गुठळ्या झाल्या. तीस वर्षांत पहिल्यांदा.

हिला सांगितलं. ही म्हणाली, “अहो, लिहून टाका ना. एका बाईचं आयुष्य आहे.” बरोबर आहे. मग म्हणाली, “नाही तरी भंगारच ते.”

जेवलो नाही.

२१ मार्च

मावशींना दाखल्याचं कोणीतरी सांगितलं. टेबलाशी आल्या. कागद तिथेच होता, कोरा. त्यांना वाचता येतं, सावकाश. रकाने बघितले.

“हा दिला की तुमची खोली जाणार ना?”

म्हटलं, जाणार.

“मग नका लिहू. तुमच्या हातची आहेत ती. मी बघते ना रोज, पुसून पुसून ठेवता.”

मी त्यांना दुकानात जाऊ दिलं असतं तर दहा मिनिटांत भरून झाला असता. त्यांना मीच बसवलं. अर्जासाठी नाही बसवलं — मला दाखवायचं होतं. हे इथे लिहायला चार दिवस लागले.

२२ मार्च

रविवार. वाचनालय बंद, किल्ली माझ्याकडे. एकेक यंत्र नवं करायचा प्रयत्न केला. दुसरं लिनक्स, तिसरा ब्राउझर, इकडची रॅम तिकडे. अकराही तपासली, सकाळी आठ ते चार. सगळी सुरू होतात. सगळी लिहितात, छापतात, हिशेब करतात. इस्पितळाच्या साइटवर एकही फोटो चढवत नाही.

अकरा. एकही नाही.

मग माझा पाच तारखेचा कागद? ‘चालू’ लिहिताना मी काय तपासलं होतं? घड्याळ.

२३ मार्च

लिहिलं. निकामी. अकरा वेळा. अक्षर नेहमीसारखं आलं नाही. सातव्या ओळीत ‘नि’ची वेलांटी तुटली, तशीच ठेवली.

शिक्क्यासाठी ग्रंथपालबाईंकडे गेलो. त्यांनी फाइलमधून माझा आधीचा कागद काढला, दोन्ही शेजारी ठेवले.

“बाइंडर, पाच तारखेला चालू. आज निकामी. मधे काय झालं?”

सांगितलं. ऐकून घेतलं. मावशींसाठी त्यांनाही वाईट वाटलं, ते दिसलं. पण म्हणाल्या, “एक प्रत समितीकडे जाणार. मला थांबवता येणार नाही. आणि समितीला ब्राउझर कळत नाही. समितीला दोन तारखा कळतात.”

शिक्का मारला. जावक क्रमांक घातला. मी पायी जाऊन खिडकी तीनवर दिला. कारकुनाने रकाने मोजले, पोच दिली. म्हणाला, “एवढंच हवं होतं.”

२७ मार्च

टायवाला आला. आज मी काका नाही, ‘सर’. हसत हसत सगळ्यांच्या देखत हात हातात घेतला, आणि दुसऱ्या हाताने जाड पाकीट खळीच्या भांड्याआड सरकवलं. “उशिरा का होईना, सर. आमचा शब्द म्हणजे शब्द.”

पाकीट उघडलं नाही. त्याच्या पुस्तिकेत घातलं, पुस्तिका त्याच्या काखेत खोचली. त्याला कळेना. खरंच कळेना. “मग लिहिलंत कशासाठी?” म्हणाला.

शिपाई दारात उभा होता. त्याने पाकीट येताना पाहिलं असावं. जाताना पाहिलं नसावं.

३० मार्च

समितीने नवी यंत्रं मंजूर केली. देणारी कंपनी — टायवाल्याची. देखभाल कंपनीची माणसं करतील. मला अध्यक्ष म्हणाले, आता निवांत पुस्तकं शिवा. आवाजात काहीतरी होतं. खाली जिन्यात दोघं बोलत होते, मला बघून गप्प झाले.

३१ मार्च

हातगाडी आली. भंगारवाला तोच, ज्याच्याकडून तीन यंत्रं आणली होती. म्हणाला, “अहो, ही तर माझीच पोरं. मोठी करून परत पाठवलीत की!” मलाही हसू आलं.

न्यायच्या आधी सगळी शेवटची सुरू केली. दहा, एकेचाळीस सेकंद. सात नंबर — एकेचाळीस! ते जादा दोन सेकंद कुठे अडकत होते कोण जाणे. रविवारी रॅम इकडची तिकडे केली, तेव्हा सुटलं असणार.

एकेक नीट बंद केलं. वायरी गुंडाळून दोऱ्याने बांधल्या. तारा लोंबत जाऊ नयेत.

४ एप्रिल

पुरवणी यादी. मावशी, क्रमांक एकशे अठरा. स्वतः उभ्या राहून पाहिलं, कारकुनाने बोट ठेवून दाखवलं. सोमवारपासून रुजू.

त्यांनी आज सगळं वाचनालय झाडलं. माझ्या टेबलाखालीसुद्धा, स्टूल उचलून. जाताना म्हणाल्या, “दादा, लोक काय काय बोलतात. मी सांगते त्यांना.” मी म्हटलं, नका सांगू. तुमचा दाखला खोटा ठरवतील.

घरी आलो. हिने पाणी दिलं. समोर बसली. भाजीच्या दुकानात तिला कोणीतरी विचारलं होतं.

“अहो, रागवू नका. मला तरी खरं सांगा. किती मिळाले?”

५ एप्रिल

पाच मार्चला जे लिहिलं नाही ते लिहितो. टायवाल्याने देऊ केलं होतं: अकरा रकान्यांत ‘निकामी’ हा एक शब्द लिहायचा, त्याचे एक लाख दहा हजार. प्रत्येक यंत्रामागे दहा. मी नाही म्हणालो.

शब्द अकरा वेळा लिहिला. मिळाले शून्य.

ही वही कपाटात ठेवत नाही. आज हिच्या शिलाई मशीनवर उघडी ठेवतोय.