मी दिलीप, बेवडा

घणसोली,
१२ जानेवारी २०२५

ती. काकांना श्रुतीचा नमस्कार.

काकूंचा गुडघा आता कसा आहे? आईने पाठवलेले मेथीचे लाडू पोचले असतील. इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे काहीच ठीक नाही, पण पत्राची सुरुवात अशीच करावी असं आईचं म्हणणं. फोनवर तुम्ही माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाही, म्हणून हे कुरिअरने पाठवते आहे.

तुमचा निरोप मिळाला. मी पार्थच्या घरी फोन करायचा, बाबा साखरपुड्यात जे बोलले ती गंमत होती असं सांगायचं, आणि लग्नात कन्यादानाला बाबांऐवजी तुम्ही आणि काकू बसणार. म्हणजे घराण्याची अब्रू वाचेल.

मी फोन करणार नाही.

त्या दिवशी हॉलवाल्याने खुर्च्या गोलात मांडल्या होत्या. त्यात पार्थच्या मामांनी एकेकाने उभं राहून ओळख द्यायची टूम काढली. बाबा उभे राहिले आणि म्हणाले, "मी दिलीप, बेवडा." दारू सुटल्यापासून दर बुधवारी ते दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला जातात. तिथे सगळे असेच गोलात बसतात आणि अशीच ओळख देतात. जीभ सवयीने घसरली. पार्थच्या आईंच्या हातातला पेढा हातातच राहिला. मलाही वाटलं, जमीन दुभंगावी. घरी आल्यावर बाबांशी मी दोन दिवस बोलले नाही.

तुम्ही म्हणता, हा शब्द गटारातला आहे. मीटिंगला नामाकाका येतात, इथले जुने गाववाले. कधीकाळी खाडीकडेला त्यांची स्वतःची भट्टी होती. बाबांना त्यांनी सांगितलं, "बे म्हंजे दोन. एकदा उतरलेली दारू परत भट्टीवर चढवायची, दुसऱ्यांदा उतरते तो बेवडा. नाव दारूचं व्हतं, मंग पिनाऱ्याला चिकटलं. दारू सुटते, नाव नाय सुटत. लोकांनी मागून बोलन्यापेक्षा आपनच पुढून सांगायचा."

तुमच्या खारघरच्या सोसायट्यांमध्ये हा शब्द कुणाला चिकटत नाही. तिथे लोक 'बसतात', 'कंपनी देतात'. फार झालं तर 'आज जरा जास्त झाली'.

हे लिहिणार नव्हते, पण लिहितेच. साखरपुड्याला तुम्ही सारखे गाडीतून चार्जर आणायला जात होतात आणि दर वेळी रिकाम्या हातांनी परत येत होतात. शेवटी येऊन बाबांच्या शेजारी बसलात. अबोला सुटला तेव्हा बाबांनी मला एवढंच सांगितलं, "तुझ्या काकाच्या तोंडाला वास आला, आणि मला वाटलं मी मीटिंगलाच बसलोय." काकूंनी यातलं कधी चकार शब्दाने सांगितलेलं नाही. त्यांच्यावर चिडू नका.

पार्थच्या आईंनी विचार करायला वेळ मागितला आहे. पार्थ रोज फोन करतो, पण आईपुढे त्याचं किती चालेल, माहीत नाही. लग्न मोडलं तर मी खूप रडेन. पण ज्या घरात जाण्यासाठी बाबांना लपवावं लागेल, त्या घरात मला जायचं नाही. आणि झालं, तर कन्यादान बाबाच करतील. तुम्ही पहिल्या रांगेत बसा, पण शुद्धीत बसा.

अजून एक. येत्या बुधवारी बाबा तुम्हाला मीटिंगला न्यायला खारघरला येणार आहेत. मी म्हटलं, जाऊ नका, काका दारातून घालवून देतील. ते म्हणाले, "घालवू दे. मीटिंगचे लोक मला न्यायला आले होते, त्यांना मीही घालवलं होतं. ते परत आले."

दार उघडायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

काकूंना साष्टांग नमस्कार.

तुमची पुतणी आणि दिलीप बेवड्याची मुलगी,
श्रुती