पाचव्या शीलाला गप्प राहिलेल्या नातवास

बुद्ध, धम्म आणि संघ यांना वंदन करून व त्यांच्या करुणेचा आश्रय मागून हे लिहावयास बसलो आहे.

मी, शंकरराव धोंडिबा ओहोळ, वय वर्षे एक्याऐंशी, निवृत्त पाली शिक्षक, राहणार शिरूर, जिल्हा पुणे, स्वखुशीने, कोणाच्याही दबावाविना व बुद्धी शाबूत असताना हे मृत्युपत्र करीत आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. मन स्वस्थ आहे काय, हे त्यांनी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही.

१. शिरूरचे राहते घर माझे स्वकष्टार्जित आहे. ते पत्नी पार्वतीबाई हिला तहहयात व तिच्या पश्चात मुलगा हनुमंत यास मिळावे. ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यास हाक मारण्याचा तिचा हक्क सुनेने किंवा शेजाऱ्याने काढून घेऊ नये.

२. माझे सर्व पाली ग्रंथ हनुमंताची मुलगी तेजश्री हिला द्यावेत. ती परिचारिका आहे. परवा तिने आपल्या भावाची, संघर्षची नाडी पाहिली, मनगट सोडले आणि मला विचारले, "आबा, तुमच्या गोळ्या झाल्या का?" माझ्या गोळ्यांची ती वेळ नव्हती. तेव्हापासून मला स्वस्थता नाही.

३. दौंड तालुक्यातील मौजे राहू येथील माझे शेत, विहिरीसह, नातू संघर्ष यास मिळावे. यामागील हकिगत नोंदवणे आवश्यक वाटते.

संघर्ष वजन उचलणारा खेळाडू आहे. पुढील महिन्यात तो परदेशी अशा स्पर्धेस जात आहे, जिथे ताकद वाढवणारी औषधे घेण्यास उघड मुभा आहे. ती औषधे त्याने सुरू केली आहेत. आमच्या वस्तीस हे ठाऊक नव्हते. 'जागतिक स्पर्धा' एवढेच ऐकून तरुण मंडळाच्या पप्पूने चौकात फ्लेक्स लावला आणि विहारात सत्कार ठेवला. प्रथेप्रमाणे मी पंचशील सांगितले व सर्वांनी माझ्यामागून म्हटले. संघर्षने चार शीले म्हटली. पाचव्याला तो ओठ मिटून उभा राहिला.

"पैलवान, हार लय जड झाला का?" पप्पू माइकवरून म्हणाला. सगळे हसले.

पाचवे शील केवळ मद्याविषयी नाही, ज्याच्या सेवनाने माणसाचे सावधपण हरपते ते सारे त्यात येते, असे मी त्याला लहानपणी शिकवले होते. तो ते विसरला नव्हता.

घरी आल्यावर तो माझ्यासमोर बसला. "आबा, बाकीचे लपून घेत्यात आन् सोंग करत्यात. मी सांगून घेतोय. यात खोटं काय हाय?"

"खोटं काही नाही," मी म्हणालो. "म्हणूनच भीती वाटते." खोटे बोलणारा पोरगा असता तर निदान थोडे कमी घेत असेल, अशी आशा धरता आली असती.

तो स्पर्धेस गेल्यास शेत देऊ नये, असा मसुदा मी वकील सुलक्षणाताईंकडून करून घेतला होता. पार्वतीबाईने तो ऐकला आणि एवढेच म्हणाली, "रान काढून घेतल्यावर त्यो माघारी कुठं यायचा?" मी मसुदा फाडला. शेत त्याचेच राहील. तो जिंको वा हरो, चालत येवो वा कोणाच्या खांद्याचा आधार घेऊन येवो. कोणतीही अट नाही.

४. संघर्षचे निधन माझ्या आधी झाल्यास शेत कोणास जावे, असे सुलक्षणाताईंनी विचारले. हा प्रश्न त्या सर्वांनाच विचारतात. त्यांचा दोष नाही. पार्वतीबाई उठून आत गेली आणि घासलेली भांडी पुन्हा घासू लागली. सर्व काही अनित्य आहे, हे मी आयुष्यभर फळ्यावर लिहिले. ते त्याच्या नावापुढे लिहिण्यास माझा हात धजत नाही. हे कलम मी कोरे ठेवतो. त्याचे परिणाम मला समजावून सांगण्यात आले आहेत.

५. चौकातील फ्लेक्स तत्काळ उतरवावा. हार घातलेला नातवाचा फोटो पाहून मला तिथून पुढे जाववत नाही. मी मागच्या गल्लीने विहारात जातो. माझ्या शोकसभेत पप्पूला माइक देऊ नये. चहा मात्र द्यावा.

६. माझ्या देहाविषयी. स्पर्धेत संघर्षची वजन उचलण्याची पाळी येण्यापूर्वी मला मरण आले, तर त्याच क्षणी त्याला फोन करावा. खेळात मन लागावे म्हणून बातमी दडवू नये. आबांना अग्नी तूच द्यायचा आहे, तू येईपर्यंत थांबलो आहोत, असे सांगावे आणि खरोखरच थांबावे. बर्फ आणावा, शेजारी कुरकुरले तरी चालेल. त्याची स्पर्धा झाल्यानंतर मी गेलो, तर कोणासाठी थांबण्याचे कारण नाही.

मरणाची इच्छा धरणे धम्मास मान्य नाही, हे मी जाणतो. मी ती धरीत नाही. परंतु ते यावयाचेच असेल तर वेळेवर यावे, एवढे रोज वंदनेनंतर मनात येते. म्हाताऱ्याने आपले मढेही आडवे घातले, असे कोणी म्हणेल. म्हणू द्यावे.

स्थळ: शिरूर. दिनांक: ६ एप्रिल २०२६.

सही: शंकरराव धोंडिबा ओहोळ

साक्षीदार, ज्यांच्यासमक्ष मी सही केली:
१. हौसराव गेनू सोनवणे, शिरूर
२. दत्ता किसन रणदिवे, राहू

हे जो वाचील त्याचे मंगल होवो. त्याच्या घरातील लेकरे त्याच्या पश्चात दीर्घकाळ जगोत.