कपडे आत घे

४ मार्च, मंगळवार

फोन आला — "कपडे आत घे." एवढंच. ठेवला.

लग्नाला इतकी वर्षं झाली, नवऱ्याचा वीजकेंद्राच्या कंट्रोल रूममधून फोन येतो तो याच कामासाठी! जेवलीस का म्हणून विचारायला नाही. चिमणीतली राख धरणारं एक यंत्र आहे, ते स्वतःच बरीच वीज खातं. बाहेर मागणी वाढली की वरून हुकूम येतो — यंत्र बंद करा, तेवढीच वीज जास्त विकता येईल. मग राख सुटते. ती खाली उतरेपर्यंत कॉलनीला थोडा अवधी मिळतो. हा मला सांगतो, मी गॅलरीतून शेजारणीला, ती पुढच्या घराला. बघता बघता सगळ्या दोऱ्या रिकाम्या!

शेजारणीला मी मनात रेडिओ म्हणते. एकदा लागली की बंद होत नाही. पण या कामात तिचा हात कुणी धरणार नाही.

६ मार्च, गुरुवार

मोठ्या साहेबांची बायको घरी आली होती. गोड गोड बोलत होती, तेव्हाच ओळखलं, काहीतरी काम आहे.

नवा नियम आलाय. जुन्या वीजकेंद्रांनी धूर आणि राख अडवणारी नवी यंत्रणा बसवायची, नाहीतर बंद व्हायचं. आमच्या केंद्राला आणखी दहा वर्षांची सूट हवी आहे. त्यासाठी एकोणीस तारखेला जनसुनावणी. आणि कॉलनीतल्या बायकांतर्फे बोलणार कोण? मी! "तुम्ही शाळेत शिकवता, तुमचं बोलणं पोचतं."

पुढचं तर ऐकण्यासारखं. सुनावणी घेणारी समिती कॉलनीतूनच सभागृहात जाणार. म्हणून त्या दिवशी सगळ्यांनी पांढरे कपडे धुवायचे. चादरी, अभ्रे, दोऱ्या भरून! आणि मी म्हणायचं — हवा खराब असती तर आमचे कपडे इतके पांढरे राहिले असते का?

मी काय केलं? मूग गिळून मान हलवली. वर चहाही पाजला.

८ मार्च, शनिवार

आज याला धरलंच. "सूट नाही मिळाली तर?"

"केंद्र बंद. क्वार्टर सोडायचं."

"आणि मिळाली तर?"

"आहे तसंच."

"तुला काय वाटतं?"

"मला विचारून चालतं का ते?"

"बटण तर तूच दाबतोस ना!" — हे लागलं त्याला. म्हणाला, "वीज सगळ्यांना हवी. आधी तो पंखा बंद कर, मग बोल." केला बंद! दोघं घामाघूम होऊन बसलो, कुणी हटेना. शेवटी त्यानेच उठून लावला आणि ओलं फडकं घेऊन कुंड्यांतल्या झाडांची पानं पुसत बसला. कधीपासून पुसतो तो ही पानं? मला आठवत नाही.

१० मार्च, सोमवार

भाषण लिहिलं. फाडलं.

१२ मार्च, बुधवार

धुतलेल्या चादरी पुन्हा धुतल्या. हाताला काहीतरी काम हवं.

कामाला येणाऱ्या मावशींना माझा एक पांढरा कुर्ता देत होते, चांगला नवाकोरा. त्यांनी घेतला नाही. "रंगीत असला तर द्या, ताई. आमच्याकडे पांढरं कुणी घेतच नाही." मावशी कॉलनीच्या भिंतीपलीकडे राहतात. वारा बहुतेक तिकडेच जातो. इतकी वर्षं ही बाई माझे पांढरे कपडे वाळत घालतेय आणि माझ्या डोक्यात कधी आलं नाही, की फोनची ती साखळी भिंतीपाशी येऊन थांबते.

१६ मार्च, रविवार

मावशींकडे गेले होते. का गेले, सांगता येत नाही. घरात पाय ठरत नव्हता.

दोन खोल्या, वर पत्रा. माठावरच्या झाकणावर राखेत बोटाने फूल काढलेलं — नातीचं काम. सहा वर्षांची आहे, श्वासाचा पंप फ्रॉकच्या खिशात असतो. चहा उकळत होता तोवर माझा फोन वाजला. "कपडे आत घे."

सवयीने धावले! अंगणातल्या दोरीवरून कपडे ओढायला लागले. सगळे गडद — तपकिरी, काळे, निळे. मावशी हसल्या. "राहू द्या ताई, झटकून घालतो आम्ही." मी नातीला उचलून आत घेतलं, दार लावलं. पण पत्रा आणि भिंत यांच्यामध्ये हात जाईल एवढी फट! पोरगी खोकायला लागली. मावशींनी न बघताच तिच्या खिशातला पंप काढला.

मला रडू आलं. रागही आला — कुणाचा, कुणास ठाऊक. माझाच असेल.

१८ मार्च, मंगळवार

उद्या. खरं बोलले तर याची नोकरी, हे घर. खोटं बोलले तर त्या पोरीची दहा वर्षं. काही सुचत नाही. कपाट लावलं, विस्कटलं, परत लावलं.

हा बूट घालताना म्हणाला, "उद्या फोन बंद ठेवू नकोस."

"उद्या कशाला? समिती असताना यंत्र बंद करायचं नाही, असा हुकूम आहे ना?"

"आहे. तरी ठेव चालू."

१९ मार्च, बुधवार



सभागृह भरलेलं. येताना समितीने दोऱ्या पाहिल्या, कौतुकही केलं. माझं नाव पुकारलं. माईकपाशी गेले. कागद कोराच होता. "आमचे कपडे..." म्हटलं. तेवढ्यात फोन! "कपडे आत घे." ठेवला.

आणि तोंडातून निघून गेलं. पहिल्या रांगेतल्या रेडिओला म्हटलं, "अगं, कपडे!" माईक चालू!

खुर्च्या करकरल्या. बायका उठल्या आणि पळाल्या की दाराकडे! साहेबीणबाईसुद्धा अर्ध्या वाटेपर्यंत गेल्या, मग भान आलं. समितीच्या अध्यक्षबाईंनी विचारलं, "सगळ्या कुठे निघाल्या?"

मग काय लपवायचं? सगळं सांगितलं. फोन, यंत्र, भिंत, ती फट, तो पंप. साहेब ओरडत होते, "यंत्र चालू आहे! शपथेवर सांगतो, चालू आहे!" कुणी ऐकून घेईना. सूट थांबली. आता चिमणीवर समितीचा स्वतःचा मीटर बसणार.

हा घरी आला, जेवला, झोपला. 

२० मार्च, गुरुवार

सकाळी आठवलं — माझ्या चादरी कालपासून दोरीवरच! वाया गेल्या असणार म्हणून गेले. बोट फिरवून पाहिलं. पांढऱ्याशुभ्र. राखेचा कण नाही.

साहेब खरं बोलत होते. यंत्र बंद झालंच नव्हतं.

चादर घेऊन त्याच्यासमोर उभी राहिले. त्याने पाहिली. "नीट घडी घाल," म्हणाला. "सामान बांधायला लागेल आता."