नावाची घागर

३ मार्च, मंगळवार
टँकर दुकानासमोरच थांबतो. सकाळी सहापासून भांड्यांची रांग, टँकर येतो नऊला. तीन तास गल्लीभर एकमेकींची भांडी बघणं चालतं. परिणाम असा की आमच्या दुकानातल्या स्टीलच्या घागरी संपत आल्या. हे म्हणाले होते, दुष्काळात भांडी कोण घेणार? कपाळावर विभूती लावून रोज अडतीवर जातात, पण गिऱ्हाईक कळत नाही ते नाहीच.
पाणी पत्र्याच्या डब्यातही तेवढंच मावतं. पण शेजारणीची घागर चकाकते आणि आपला डबा गंजलेला, हे तीन तास सहन होत नाही. लातूर जिल्हा झाल्यापासून तर साहेबांच्या बायकाही आल्या. एकीने आज विचारलं, ह्याहून मोठी नाही का? उचलणार मोलकरीण. तिला काय.
हैदराबादला बी.ए.ला मानसशास्त्र होतं. सर सांगायचे, आधी तहान-भूक भागते, मगच माणूस मानाकडे वळतो. सरांनी टँकरची रांग पाहिली नसावी.

५ मार्च, गुरुवार
गल्लीच्या टोकाच्या खोलीत दोन महिन्यांपूर्वी एक बाई राहायला आली आहे. यशोदा. नव्या जिल्हा कचेरीत क्लार्क, नांदेडहून बदली, मूळची बिलोलीची. लग्न नाही. म्हातारी आई बरोबर. घरमालक पुण्याला, त्यामुळे चौकशी कुणी केली नाही. रांगेत तिचा तेलाचा डबा असतो.
आज घागर तीनदा हातात घेतली, तीनदा ठेवली. मी ओळखलं. हिला घागर नको आहे. दोन महिन्यांत गल्लीतल्या एकीनेही हिला नावाने हाक मारलेली नाही. म्हटलं, "डबा काय, कुणाचाही असतो. नावाची घागर कुणी हलवत नाही."
लगेच घेतली.
नाव घालायला इमामभाई पायरीवर बसलेलेच असतात. ती म्हणाली, नुसतं यशोदा घाला. मी म्हटलं, गल्लीत तीन यशोदा आहेत, आडनाव घाला. तिने घागर एकदा फिरवून बघितली. मग सांगितलं. वाघमारे.
इमामभाईंची हातोडी थांबली. माझ्याकडे बघितलं. त्यांनाही कळलं, मलाही. बौद्ध आहे. ही गल्ली कशी आहे तेही दोघांना माहीत. मी कपाटातले डबे नीट लावू लागले.
त्यांनी ठोकलं. अक्षर सुरेख आलं. ती अक्षरांवरून बोट फिरवत गेली.

९ मार्च, सोमवार
यशोदेची घागर रांगेत चौथी होती. टँकर आला तेव्हा शेवटी. कुणी हलवली, कुणी पाहिलं नाही म्हणे. मी पाहिलं. महानंदाने. समोरच राहते, आमच्याच समाजाची, दुकानाची जुनी गिऱ्हाईक. वाकून नाव वाचलं, मोठ्याने वाचलं, आणि पायाने सरकवली.
दोन महिने यशोदेचा डबा ह्या सगळ्याजणींच्या घागरींना खेटून उभा होता. कुणाचं पाणी बाटलं नव्हतं.

११ मार्च, बुधवार
पुन्हा तेच. आज घागरीला पोचा. तिच्यापर्यंत पाणी आलंच नाही. रिकामी घागर घरी ठेवून कचेरीत गेली. घरात म्हातारी.
इमामभाई दुपारी म्हणाले, "बाईसाब, नाव घासून काढू का तिचं? पैसे नक्को."
म्हटलं, ते तिने सांगायचं.
"घालायला तर आपणच लावलं ना."
त्यांना चहा सांगितला.

१२ मार्च, गुरुवार
महानंदा आली, थोरलीच्या लग्नाची भांडी ठरवायला. लग्न वैशाखात. आपणहूनच विषय काढला. "वैनी, बाई काय वाईट न्हाई. पर आधी सांगायचं न्हाई का? कचेरीत साहेब आसंल, हितं रांगेत कशाला मिसळायचं?"
मी काय बोलले? म्हटलं, परात ह्याहून मोठी घे, वरपक्षाच्या बायका आधी परातच बघतात. घेतली. मग समयांची जोडी. मग पाच डबे जास्तीचे. एकेका वस्तूला मी एकेक भीती दाखवली आणि तिने ती बांधून घेतली. सगळ्यांवर नाव घालायचं आहे. माल उचलणार आणि पैसे देणार लग्नाच्या आधी.
चांगला धंदा झाला.

१३ मार्च, शुक्रवार
यशोदा संध्याकाळी कचेरीतून परस्पर आली, पाठोपाठ आई घागर घेऊन. मला वाटलं, परत करायला आणली. मी दुसरी, बिननावाची, काढूनही ठेवली होती. तिने तिकडे बघितलंही नाही.
"परत द्यायला न्हाई आले मी."
मग नाव काढून देऊ का म्हणून विचारलं.
"कशाला? माझंच हाय ते."
म्हातारी म्हणाली, "पोरगी रात्री घागर उशाला घेऊन निजते, बाई. येडी हाय." पोरगी हसली नाही.
तिचं मागणं एवढंच. नावाची घागर कुणी हलवत नाही, असं मी म्हणाले होते. तेच उद्या खाली उतरून रांगेत म्हणायचं. दुकानातून नाही. "तुमचं ऐकतात सगळ्याजणी. मी म्हणलं तर भांडण व्हतंय. उद्या दुसरा शनिवार, मी घरीच हाय. घागर चौथीच ठेवणार."
बघते म्हटलं. ती म्हणाली, "बघता तर तुम्ही रोजच."
बिननावाची घागर मी परत फळीवर ठेवली.

१४ मार्च, शनिवार
सकाळी ह्यांना सांगितलं. पूजा आटोपून चहा पीत होते. म्हणाले, महानंदाची भांडी अजून उचललेली नाहीत, गल्लीतली आणखी तीन लग्नं वैशाखात आहेत. "तू मास्तरीण हायेस का दुकानदार?" आणि अडतीवर गेले. जाताना घागरींची रांग ओलांडून गेले, खाली न बघता.
नऊला दहा कमी. तिची घागर चौथी. ती पलीकडच्या भिंतीला टेकून उभी, हाताची घडी. दुकानाकडे एकदाही बघत नाही.
इमामभाईंनी आज हातोडी काढलेलीच नाही. बसून आहेत.
गिऱ्हाईक काय घेतं आणि कशासाठी घेतं, हे मी उंबऱ्यातून येतानाच सांगू शकते. मी अजून गादीवर का बसून आहे, तेही मला कुणी शिकवायला नको. गल्लीत सगळ्या मला वैनी म्हणतात. लग्नात पहिलं कुंकू मला लावतात. तेवढ्यासाठी.
पायऱ्या तीन. पलीकडे रांग.
टँकर चौकात वळला. बायका पुढे सरकल्या. महानंदाने पदर खोचला, चौथ्या घागरीशी आली. वाकली. कड धरली आहे, पण उचलत नाही. मान वर करून दुकानात बघते आहे, माझ्याकडेच. नेहमीसारखं हसून.
आता वही मिटते. उठते.