तिसऱ्या डोंगरापलीकडचं पाणी

बाबा, आई इथे आलीय. तीन महिन्यांसाठी. येताना तिने तुमचा नकाशा आणला, जुन्या ओढणीत गुंडाळून आणि वर दोन प्लास्टिकच्या पिशव्या चढवून. टोकियोतल्या फुनाबोरीच्या माझ्या या एवढ्याशा घरात तो मावेल अशी एकच भिंत आहे, फ्रिजच्या बाजूची. आई रोज विचारते, फ्रेम कधी करतेस? मी रोज म्हणते, वीकेंडला. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली आणि इतक्या वर्षांत मी तुम्हाला काही लिहिलं नाही. आज इंग्लिशमधून सुरू केलं होतं, पण ते ऑफिसच्या मेलसारखं व्हायला लागलं, म्हणून फाडलं. तुमच्याशी मी कधी इंग्लिशमध्ये बोललेच नाही. गेल्या शनिवारी एका डोंगरावर आईला काहीतरी झालं असतं. माझ्यामुळे. आणि त्याची सुरुवात शनिवारी नाही, अरवलीतल्या आपल्या त्या दिवशी झाली होती, हे मला तिथे धुक्यात बसल्यावर कळलं. ते सांगायचंय.

कंपनीसाठी दगडांचा सर्व्हे करायचात तो तुमचा अरवलीतला कॅम्प मला अजून जसाच्या तसा दिसतो. माझ्या शाळेला मे महिन्याची सुट्टी लागली की तुम्ही मला पुण्याहून घेऊन जायचात, आई बँकेतल्या नोकरीमुळे मागे राहायची. तंबूच्या पश्चिमेला सगळी वाळू, आणि पूर्वेला एकामागे एक तीन डोंगर, बुटके, दातांसारखे. पहिल्यांदा बघितल्यावर मी म्हणाले होते, हे काय डोंगर आहेत? सिंहगड केवढा मोठा आहे. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "सिंहगड यांच्यासमोर कालचं पोर आहे. हे झिजून झिजून एवढेच उरलेत. हा डोंगर नाही, डोंगराचं हाड आहे." आणि ते दगड खरंच हाडासारखे होते, पांढुरके, काचेसारख्या धारेचे, हात लावला की चटका बसायचा. डोंगरांमध्ये जिथे जिथे खिंड होती तिथून वाळू पलीकडे घुसायला बघायची, वाऱ्याच्या बाजूने उतारावर चढलेली असायची. पलीकडे गेलं की एकदम वेगळं जग. धोक नावाची झाडं, मे महिन्यात एक पान नाही, राखाडी काटक्या नुसत्या, पण तुम्ही नखाने साल खरवडून आतला हिरवा रंग दाखवायचात. थोराची, म्हणजे निवडुंगाची जाळी, तिच्या सावलीत घोरपड. आणि सकाळी ऊन वर यायला लागलं की पाखुर्ड्यांचे थवे. रोज त्याच वेळी, रोज त्याच दिशेने, तिसऱ्या डोंगरावरून पलीकडे. तुम्ही म्हणालात, एवढे पक्षी रोज एकाच जागी जातात म्हणजे तिथे पाणी असणार. नर पाखुर्डी पोटाची पिसं पाण्यात भिजवतो आणि तसाच उडत जाऊन पिल्लांना पाणी पाजतो, हेही तेव्हाच सांगितलंत. मला ते खोटं वाटलं होतं. शेळ्या चारणारा एक म्हातारा म्हणाला होता की पलीकडे खडकात एक कुंड आहे, ते कधी आटत नाही. कंपनीच्या कुठल्याच नकाशात ते नव्हतं. म्हणून तुम्ही ग्राफ पेपरचे तुकडे चिकटवून स्वतःचा नकाशा काढत होतात, दर मेमध्ये थोडा थोडा. खालचा उजवा कोपरा तेवढा कोरा होता.

तुमचा एक नियम होता. प्रत्येकाची स्वतःची बाटली, तिच्या मध्यावर काळ्या मार्करने रेघ. ज्याचं पाणी आधी रेघेला टेकेल त्याच्यावरून सगळ्यांनी मागे फिरायचं. कितीही जवळ पोचलेलो असू दे. आणि पाण्याच्या बाबतीत तुम्ही किती कडक होतात! एकदा मी पिण्याच्या पाण्याने हात धुतले तर तुम्ही सगळ्यांसमोर ओरडलात, "हे पुणं आहे का? नळ आहे का इथे?" मी दिवसभर तुमच्याशी बोलले नाही. दर गुरुवारी जीप गावातून बर्फाची लादी आणायची, गोणपाटात भुशात घातलेली, तेव्हा त्यातला पहिला तुकडा तुम्ही न बोलता माझ्या हातात ठेवायचात. तशी आपली मिटवामिटवी व्हायची.

त्या दिवशी आपण तिसऱ्या डोंगरावर अर्ध्याच्या वर चढलो होतो. वाटेत ओल्यासारख्या मातीत बिबट्याचा पंजा उमटलेला होता, ताजा. तुम्ही खूश झालात, म्हणालात हा पाण्याकडूनच आलाय. तुम्ही वाकून मोजमाप घेत होतात. आणि मी म्हणाले, "बाबा, माझं अर्धं झालं." तुम्ही माझी बाटली हातात घेतलीत, गारव्यासाठी गुंडाळलेलं ओलं फडकं सरकवून रेघ बघितलीत. मग वर बघितलंत, माथ्याकडे. खूप वेळ. मला वाटलं आता म्हणतील, चल थोडंसंच राहिलंय. तुम्ही म्हणालात, "फिरायचं." बस. संध्याकाळी तुमचं स्वतःचं भिंग, पितळी, तुमच्या खिशात राहून राहून गुळगुळीत झालेलं, ते मला दिलंत. म्हणालात, "पाण्यावर लक्ष ठेवणारा माणूसच फील्डवर टिकतो. तू टिकशील." नकाशावर त्या जागी तुम्ही छोटी फुली मारून लिहिलंत, येथून परत, पाणी अर्धे. पुढच्या मेमध्ये नक्की, म्हणालात. जानेवारीत तुम्ही गेलात.

आता शनिवारचं. इथे टोकियोपासून बोटीने दोन तासांच्या आत एक बेट आहे, ओशिमा. त्याच्यामध्ये ज्वालामुखीचा डोंगर, आणि डोंगरामागे काळंभोर वाळवंट. उरा-साबाकु म्हणतात, म्हणजे मागचं वाळवंट. जपानच्या सरकारी नकाशात वाळवंट असा शब्द फक्त याच बेटावर छापलेला आहे म्हणे. हे कळल्यापासून मी ऑफिसमध्ये सगळ्यांचं डोकं खाल्लं होतं. कावासाकीच्या आमच्या टीममधले मला साबाकु-सान, म्हणजे वाळवंटबाई, म्हणायला लागले होते. आणि गंमत म्हणजे बाबा, तिथे पाऊस धो धो पडतो. तरी वाळवंट! कारण जमीन म्हणजे नुसते जळके, भोकाभोकांचे खडे, पडलं पाणी की खाली गायब, आणि वारा असा की बी रुजूच देत नाही. तुमच्या डोंगरावर पाणी नाही म्हणून वाळवंट, आणि इथे पाणी थांबत नाही म्हणून. तुमचा डोंगर म्हातारा, हा त्याच्यापुढे कालचं पोर, काही ठिकाणचा दगड तर तुमच्या हयातीत थिजलेला. आईला म्हटलं, चल, तुला बाबांचं वाळवंट दाखवते. ती म्हणाली, "त्यांचं पिवळं होतं ना? हे काळं कसलं?" पण आली. सकाळी पाचला उठून, बीपीची गोळी घेऊन, पायात माझे जुने बूट घालून.

कोन्बिनीतून, म्हणजे इथल्या चोवीस तास उघड्या दुकानातून, दोन बाटल्या घेतल्या आणि मी दोन्हीवर मार्करने रेघ ओढली. आई बघत होती.  बसने वर सोडलं तेव्हा लख्ख ऊन होतं. काळ्या खड्यांवरून चाललं की बाजरी तुडवल्यासारखा आवाज येतो. मी तुमच्या भिंगातून खडे बघत होते, जाळी पडलेल्या डोशासारखे दिसतात, आणि आईला सांगत होते की बघ, ही झुडपं गोल गोल का वाढलीत, आधी एक मधोमध रुजतं, ते वारा अडवतं, मग त्याच्या आडोशाला बाकीची येतात. आई हं हं करत होती. मधून मधून मी तिची बाटली बघायचे. भरलेली. तासाभराने माझी रेघेला टेकली. आता तुम्ही सांगा, काय करायला हवं होतं? फिरायला. मला माहीत होतं. पण मी म्हटलं, आईची तर पूर्ण भरलेली आहे, म्हणजे आई एकदम फिट आहे, दोघींचं मिळून भरपूर पाणी आहे. मी असा हिशोब केला, बाबा. तुमच्या नियमात असा हिशोब नाही.

मग धुकं आलं. आलं म्हणजे कसं, समोरचा उतार होता आणि मग नव्हता. वाटेवर खुणेचे खांब असतात, एकापासून पुढचा दिसेल असे. मला मागचाही दिसेना. फोनमध्ये रेंज नाही, नकाशावरचा निळा ठिपका इकडून तिकडे उड्या मारतोय. मी दहा-वीस पावलं पुढे गेले, एका घळीत उतरले, लक्षात आलं की ही वाट नाही, वाऱ्याने कोरलेला खड्डा आहे. वर येऊन हाक मारली तर आईचा आवाज भलत्याच बाजूने आला. धावले. ती खाली बसली होती, ओठ पांढरे, दोन्ही हातांनी पोटरी धरलेली. "गोळा आलाय गं. आणि जरा गरगरतंय. थांब, होईल कमी."

"आई, पाणी पी आधी."

"नको. बरी आहे मी."

मी तिची बाटली ओढून घेतली आणि झाकण फिरवलं. कट् असा आवाज आला. बाबा, सील तुटल्याचा आवाज. सकाळी पाचपासून तिने एक घोट घेतला नव्हता.

"अगं, वेडी आहेस का तू? सीलसुद्धा तोडलं नाहीस?"

"ओरडू नकोस. मग काय करू? आख्ख्या डोंगरावर एक धड झुडूप नाही. कुठे जायचं बाईमाणसाने? जपान म्हणे टॉयलेटचा देश!" तिने दोन घोट घेतले, थांबली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आणि तुमचा तो नियम मला पाठ आहे. माझं अर्धं झालं असतं तर तू फिरली असतीस. त्यांचं ते कुंड राहिलं ते राहिलंच. शेवटपर्यंत म्हणायचे, दोन घोट पाणी जास्त असतं तर बघून आलो असतो. तुझं असं काही माझ्यामुळे राहायला नको."

 बाबा, दोन घोट पाणी जास्त होतं. त्या दिवशी माझी बाटली रेघेच्या बरीच वर होती. तुम्ही पंजावर वाकला होतात आणि मी धोकाच्या झाडाच्या मुळाशी ती तिरकी केली. जमीन एक क्षण काळी झाली आणि लगेच पांढरी. तुम्ही उठेपर्यंत काही खूण नव्हती. ते पाणी तिथे संपलं नाही. ते सोळा वर्षं फिरून इथे आलं आणि आईने पाणी पिणं बंद केलं.

किती वेळ गेला माहीत नाही, दहा मिनिटं असतील. मी तिच्या पोटऱ्या चोळत होते, माझं जॅकेट तिच्या अंगावर, ती थरथरत होती आणि मी मोठ्याने सुमिमासेन, सुमिमासेन, म्हणजे अहो, ऐका जरा, असं ओरडत होते, धुक्यात, कुणीच नसताना. मग घंटा ऐकू आली. बारीक, बकरीच्या गळ्यातली असते तशी. एक सत्तरीचे जपानी गृहस्थ आले, पाठीवरच्या पिशवीला घंटा बांधलेली. त्यांनी आईकडे बघितलं, काही विचारलं नाही, खिशातून मिठाच्या गोळ्या काढल्या आणि तिच्या तळहातावर ठेवल्या. आई म्हणाली, "हे काय? खारट पेपरमिंट? विष नाही ना गं?" तेव्हा मी पहिल्यांदा रडले. पाणी पिऊन, दोन गोळ्या चघळून ती हळूहळू उभी राहिली. ते म्हणाले, मी पुढे चालतो, घंटा ऐकत या, घंटा थांबली की तुम्हीही थांबा. प्रत्येक खांबापाशी ते थांबायचे, आम्ही पोचेपर्यंत. बसस्टॉपवर त्यांनी कमरेत वाकून निरोप घेतला, आईने हात जोडले आणि शुद्ध मराठीत म्हणाली, "फार उपकार झाले हो." मग ती टॉयलेटला गेली, बाहेर आली, हात पुढे केला, "आण ती बाटली." उभ्या उभ्या संपवली.

रविवारी ती पोहे करत होती आणि मी नकाशा भिंतीला धरून बघत होते. कढईत शेंगदाणे ढवळता ढवळता ती म्हणाली, "त्या खालच्या कोपऱ्यात काहीतरी लाव बाई, फोटोबिटो. मोकळं दिसतं." मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. ती म्हणाली, "काय?" मी म्हटलं, "लिंबू आहे का?" सॅटेलाइटच्या फोटोत मी ती जागा शोधली होती, कॉलेजमध्ये असताना. तिसरा डोंगर सापडला, माथ्याच्या पलीकडे एक काळा ठिपका आहे. पाणी असेल किंवा सावली. आणखी मोठं करून बघितलं नाही. ते तुम्ही चालत जाऊन बघायचं होतं.

आईला मी सांगणार आहे, फ्लाइटच्या आधी. असं आज तरी म्हणतेय. हा कागद नकाशाच्या गुंडाळीत आत ठेवते. फ्रेम करायला टाकीन तेव्हा काढावाच लागेल.

एक राहिलं. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी लहान होते, बिबट्याचा पंजा बघून घाबरले म्हणून तसं केलं. बाबा, मी घाबरले नव्हते. गुरुवार होता. जीप बर्फ घेऊन येणार होती.